क्रूझचं बुकिंग: एजंट घेतला की खरंच पैसे वाचतात का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं रिटायर झालोय आणि पहिल्यांदाच क्रूझला जायचं मनात आहे, सात रात्रींची, बाल्कनीवाली केबिन. कंपनीच्या वेबसाईटवर जो रेट दिसतो अगदी तोच रेट एजंटने सांगितला, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. मुलगा म्हणतो मग मधे माणूस कशाला, थेट बुक करा, त्याचं कमिशन तरी वाचेल. एजंट म्हणतो माझ्याकडून घ्या, फायदा आहे, पण काय फायदा ते विचारलं की नुसतं "सर्व्हिस" म्हणतो. आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर: काका, तुमच्या मुलाचं लॉजिक ऐकायला एकदम बरोबर वाटतं पण क्रूझच्या धंद्यात ते चालत नाही. तुम्ही थेट बुक केलं म्हणून कमिशन "वाचत" नाही, ते फक्त तुमच्याऐवजी कंपनीच्या खिशात राहतं. भाडं ठरवतानाच त्यात एजंटचा वाटा धरलेला असतो आणि वेबसाईटवरून येणाऱ्या गिऱ्हाईकाला तो कापून कोणी देत नाही.

विमानाच्या तिकिटांची सवय असल्यामुळे आपला असा समज होतो. तिथे एजंटचं कमिशन खरंच गेलं, १९९५ मधे डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने त्यावर मर्यादा घातली, २००२ मधे मूळ कमिशन बंदच केलं आणि बाकीच्या अमेरिकन कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. तेव्हापासून विमानाच्या तिकिटाला एजंट म्हणजे वरून सर्व्हिस चार्ज हे गणित डोक्यात बसलं. क्रूझ कंपन्या मात्र अजूनही कमिशन देतात कारण जहाजावरच्या हजारो केबिन भरायच्या तर एजंट लागतातच. म्हणून बहुतेक क्रूझ एजंट तुमच्याकडून वेगळं काही घेत नाहीत.

आता रेट सारखाच का? तर मोठ्या कंपन्यांचा, विशेषतः अमेरिकन बाजारात, एजंटवर दंडक असतो की आमच्या जाहीर भाड्यापेक्षा कमी भाव दाखवायचा नाही, नाहीतर एजंट एजंटमधेच भाव पाडायची शर्यत लागेल. ब्रिटनमधे एजंट उघड उघड आपल्या कमिशनमधून सूट देतात, तिथे त्याच जहाजाला दोन एजंटकडे दोन भाव दिसू शकतात. पण जिथे भाव पाडायला बंदी आहे तिथे फायदा मागच्या दाराने येतो, आणि तुमच्या एजंटने "सर्व्हिस" या शब्दाखाली नेमकं तेच झाकून ठेवलंय.

मागचं दार म्हणजे मुख्यतः ऑनबोर्ड क्रेडिट. जहाजावर तुमच्या खात्यात आधीच काही रक्कम जमा असते, ती स्पा, वायफाय, ड्रिंक्स, किनाऱ्यावरच्या टूर यात वापरायची. कोणी एजंट त्याऐवजी तुमच्या टिप्स आधीच भरून टाकतो (बऱ्याच कंपन्या दर माणशी दर दिवशी ठरावीक टिप तुमच्या बिलात लावतात, सात रात्रींचे दोघांचे मिळून तो आकडा चांगलाच जड होतो), कोणी स्पेशल रेस्टॉरंटचं एक जेवण देतो. हे सगळं त्याच्या कमिशनमधून जातं.

किती मिळू शकतं याचा अंदाज तुम्हीच काढा. समजा दोघांची मिळून एकूण रक्कम स्क्रीनवर २००० डॉलर दिसतेय. ही सगळी कमिशनची नसते. त्यातले ३०० टॅक्स आणि पोर्ट फी धरा, त्यावर एजंटला काही नाही. भाड्यातलाच अजून एक तुकडा असतो ज्यावर अनेक कंपन्या कमिशन देत नाहीत, तो ३०० धरा. उरले १४००. साधारण कमिशन १० टक्क्यांपासून सुरू होतं, भरपूर धंदा देणाऱ्या मोठ्या एजन्सीला १५ किंवा त्याच्या थोडं वर मिळतं. म्हणजे छोट्या एजंटच्या हातात १४०, मोठ्याच्या हातात २१० च्या आसपास. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील, पण एक गोष्ट लक्षात येईल की २००० च्या बुकिंगवर कोणी ५०० ची भेट देतोय म्हणाला तर ती बहुतेक त्याची नाहीच, कंपनीची स्वतःचीच ऑफर आहे जी तुम्हाला थेट बुक केलं तरी मिळाली असती. काही एजंट कंपनीचं क्रेडिट स्वतःचं म्हणून गळ्यात मारतात. म्हणून सरळ विचारायचं, "यातलं कंपनीचं किती आणि तुमचं किती?" ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं.

भाडं खरोखर कमी होण्याची एक जागा आहे, ती म्हणजे ग्रुप रेट. मोठ्या एजन्सी वर्ष-दीड वर्ष आधी एखाद्या सफरीतल्या केबिनचा गठ्ठा त्या वेळच्या भावात धरून ठेवतात. पुढे वेबसाईटवरचा भाव चढला तरी त्यांच्या गठ्ठ्यातली केबिन जुन्या भावात मिळू शकते, वर थोडं क्रेडिटही. तुम्हाला कुठल्या ग्रुपबरोबर फिरावं लागत नाही, जेवायला एकत्र बसावं लागत नाही, ग्रुप फक्त कागदावर असतो. शिवाय बऱ्याच कंपन्यांत १६ पूर्ण भाड्याच्या प्रवाशांमागे एका माणसाच्या भाड्याइतकी सवलत एजन्सीला मिळते, ती स्वतः ठेवायची की सगळ्यांत वाटायची हे एजंट ठरवतो. तुमचं वीस-पंचवीस जणांचं गोतावळं जाणार असेल तर ही सवलत कोणाच्या पदरात पडणार हे आधी बोलून घ्या, इथे संकोच केला की गेली. दोघंच जाणार असाल तर एवढंच विचारा की "या सफरीवर तुमची ग्रुप स्पेस आहे का?" हा प्रश्न ऐकून एजंट गोंधळला तर तो क्रूझ कमी आणि बाकीच्या टूर जास्त विकतो असं समजायला हरकत नाही.

कोटेशन मागताना दोन-तीन एजंटना एकच ईमेल टाका: जहाजाचं नाव, निघायची तारीख, केबिनची कॅटेगरी (नुसतं "बाल्कनी" नको, वेबसाईटवर त्याचा कोड असतो तो द्या, एकाच जहाजावर बाल्कनीचे सात-आठ भाव असतात), डिपॉझिट परत मिळणारं हवं की नको, आणि शेवटी "भाडं, टॅक्स, टिप्स वेगवेगळे दाखवा, तुमच्याकडून मिळणारं क्रेडिट वेगळ्या ओळीत लिहा, आणि ते दर माणशी की दर केबिन तेही लिहा". ही शेवटची ओळ टाकलीत की अर्धी धूळफेक तिथेच थांबते. डिपॉझिटचं मुद्दाम म्हणतेय, कारण परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा भाव कमी असतो आणि दोन कोटेशनमधला फरक बऱ्याचदा एजंटमुळे नाही तर यामुळेच पडलेला असतो. आणि क्रेडिट म्हणजे रोख नव्हे हेही धरा, ते न वापरता उरलं तर बऱ्याचदा बुडतं. जहाजावर फारसा खर्च न करणारे तुम्ही असाल तर २०० क्रेडिटपेक्षा टिप्स भरून मिळालेल्या बऱ्या.

माझ्या मते मात्र खरी बचत बुकिंगच्या दिवशी होतच नाही, ती नंतर होते. क्रूझचे भाव शेअरसारखे खालीवर होत असतात. फायनल पेमेंट साधारण निघण्याआधी ७५ ते १२० दिवस असतं, आणि बुकिंगच्या अटीत बसत असेल (हे कुठल्या देशातून बुक केलं त्यावर पण अवलंबून असतं) तर तोपर्यंत भाव पडला की तुमचंही भाडं कमी करून मिळतं. कंपनी स्वतः फोन करून सांगणार नाही हो. कोणीतरी बघायला पाहिजे, बघून लगेच मागायला पाहिजे, आणि मागताना जुनी ऑफर जाऊन नवीन लागते तेव्हा जुन्यातलं क्रेडिट उडत तर नाही ना हे तपासायला पाहिजे, नाहीतर भाडं ५० ने उतरलं आणि क्रेडिट १०० ने गेलं असला उफराटा व्यवहार होतो. चांगला एजंट हे करतो. सगळे करत नाहीत, एकदा कमिशन पक्कं झालं की भाव कमी करून आणणं म्हणजे स्वतःच्याच कमिशनवर कुऱ्हाड, हे त्यालाही कळतं! म्हणून एजंट असला तरी आठवड्यातून एकदा वेबसाईट तुम्हीच उघडा, तीच केबिन कॅटेगरी टाका, कमी दिसलं तर स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवा. फायनल पेमेंटनंतर भाव पडला तर पैसे परत मिळत नाहीत, मागितलं तर कधीतरी वरच्या दर्जाची केबिन किंवा थोडं क्रेडिट मिळतं, तेही कंपनीच्या मर्जीवर.

आता दुसरी बाजू. एजंटकडून घेतलं की बुकिंगचा ताबा त्याच्याकडे जातो. नाव दुरुस्त करायचंय, केबिन बदलायचीय, कॅन्सल करायचंय, कंपनीला फोन केलात तर बहुतेक वेळा उत्तर येतं "तुमच्या एजंटशी बोला". रविवारी रात्री भाव पडला आणि एजंट सोमवारी दुपारी उठला तर गेलं. काही एजन्सी कंपनीच्या कॅन्सलेशन चार्जवर आपला वेगळा चार्ज लावतात, तो अटींमधे खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पैसे देताना कार्ड वापरा आणि स्टेटमेंटवर नाव क्रूझ कंपनीचं येणार की एजन्सीचं हे विचारून ठेवा. कंपनीचं आलं तर एजन्सी उद्या बंद पडली तरी तुमचं बुकिंग कंपनीकडे उभं असतं.

तर तुमच्यासाठी: पहिलीच वेळ आहे, बाल्कनी हवीय, मग केबिन कुठे घ्यायची हे सांगणारा माणूस लागेलच. पूल डेकच्या बरोबर खाली घेतली तर पहाटेपासून डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज, थिएटर किंवा नाईट क्लबच्या वर घेतली तर रात्री धडधड, आणि समुद्र लागायची भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी. हे जो न विचारता सांगेल तो एजंट घ्या, थोडं क्रेडिट कमी दिलं तरी चालेल. तीन-चार रात्रींची, साधी आतली केबिन असती तर मी म्हटलं असतं थेट बुक करून मोकळे व्हा, तिथे कमिशनच इतकं थोडं की एजंट तुमच्यासाठी फार काही करणार नाही.

प्रश्न: मी उत्साहाच्या भरात थेट कंपनीकडे बुक करून बसले, आता मैत्रिणीचा एजंट क्रेडिट देतो म्हणतोय. बुकिंग त्याच्याकडे देता येईल?

उत्तर: बऱ्याच कंपन्यांत देता येतं पण मुदत असते, बुकिंगनंतर ठरावीक दिवसांच्या आत आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी. कंपनीचा एक छोटा फॉर्म असतो. आधी एजंटकडून क्रेडिटचा आकडा ईमेलवर लिहून घ्या, मग फॉर्म भरा, उलट क्रमाने नको. एका एजंटकडून दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर मात्र प्रकरण अवघड, पहिल्याने सोडलं तरच होतं.

प्रश्न: मी एकटा प्रवास करतो. एजंट म्हणतो दोन माणसांचं भाडं भरावं लागेल. फसवतोय का?

उत्तर: नाही, ते खरंय. भाडं केबिनमधे दोन माणसं धरूनच काढलेलं असतं, त्यामुळे एकट्याला बऱ्याच वेळा जवळपास दुप्पट पडतं. एकट्यासाठीच्या केबिन काही जहाजांवर असतात, नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २०१० मधे एपिक या जहाजावर स्टुडिओ केबिन आणल्या आणि नंतर इतरांनीही तसल्या केबिन सुरू केल्या, पण त्या थोड्या असतात आणि पटकन संपतात. एजंटला एवढंच सांगा की ज्या सफरींवर एकट्याचा जादा चार्ज कमी केलाय त्यांची यादी दे. अशा ऑफर अधूनमधून येतात आणि रोज यात बसणाऱ्याला त्या आधी दिसतात, इथे एजंट नक्की कामाचा.

प्रश्न: ड्रिंक पॅकेज आणि वायफाय पण एजंटलाच घ्यायला सांगू का?

उत्तर: बुकिंगच्या ऑफरमधेच पॅकेज येत असेल तर तिथे एजंट बघेल. पण नंतर वेगळं घ्यायचं असेल तर नको, स्वतःच घ्या. यावर त्याला बऱ्याचदा फारसं काही सुटत नाही म्हणून तो लक्ष घालत नाही. कंपनीच्या साईटवर लॉगिन करून बुकिंग नंबर टाकलात की एजंटकडचं बुकिंग असलं तरी दिसतं. जहाजावर चढल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेलं सहसा स्वस्त पडतं. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत आधी घेतलेलं पॅकेज निघण्यापूर्वी कॅन्सल करून पडलेल्या भावात परत घेता येतं, तेव्हा लवकर घेऊन ठेवा आणि सेल लागला की बदला. फक्त एक बघा, एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि तुमच्यातला एक जण घोटभरही पीत नसेल तर सुटे ग्लास मागवलेले परवडतात.