जहाजे कमी होतात की माणसे?

प्रश्न : माझा मुलगा नौदलाच्या भरतीची तयारी करीत आहे. संरक्षण खर्चात कपात झाली की नौदलाचे नेमके काय कमी होते? नापिकीच्या वर्षी आम्ही सालगडी कमी करतो, पण वावर तेवढेच राहते. जहाजांचेही तसेच असते काय?
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : नौदलाचे वावर म्हणजे समुद्र, आणि तो खरोखरच कमी होत नाही, कमी होतात ती औते आणि ती चालविणारे हात. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, कारण कात्री आधी इंधन, सुटे भाग आणि सराव यांना लागते. जहाज यादीत राहते, पण अधिक दिवस धक्क्याला बांधलेले असते.

त्यानंतर जहाजे मुदतीआधी निवृत्त होतात. ब्रिटनने २०१० च्या संरक्षण आढाव्यात आर्क रॉयल ही विमानवाहू नौका व तिच्यावरील हॅरियर विमाने सेवेतून काढण्याचे आणि नौदलातील सुमारे ५,००० पदे कमी करण्याचे ठरविले. नवी विमानवाहू नौका क्वीन एलिझाबेथ नौदलात दाखल झाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात नौकेवरून विमाने उडविण्याची विद्या विसरली जाऊ नये म्हणून ब्रिटिश वैमानिकांना अमेरिकेकडे पाठवावे लागले. माझ्या मते खरे नुकसान हेच, कारण पंधरा वर्षे मुरलेला तंत्रज्ञ, आपल्या जाणत्या सालगड्याप्रमाणेच, एकदा गेला की पैसे आल्यावरही लगेच मिळत नाही.

नव्या बांधणीत तर काटकसर अंगावर येते. ब्रिटनच्या टाइप ४५ वर्गात १२ विनाशिका (वेगवान लढाऊ जहाजे) ठरल्या होत्या, बांधल्या ६. आराखड्याचा सगळा खर्च सहाच जहाजांवर वाटला गेल्याने प्रत्येक विनाशिका सुमारे १ अब्ज पौंडांना पडली.

कपातीचा निर्णय किती लवकर उलटू शकतो, हे आपल्या ‘विराट’ या विमानवाहू नौकेच्या पूर्वायुष्यात दिसते. ती तेव्हा ब्रिटिश नौदलाची ‘हर्मिस’ होती आणि १९८१ च्या कपातीनुसार तिला निवृत्त करायचे होते. परंतु एप्रिल १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी युद्ध उद्भवले आणि तीच ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका ठरली. पुढे १९८७ पासून २०१७ पर्यंत ती आपल्याकडे राबली.

आपल्याकडेही २०१२ मध्ये संरक्षण अंदाजपत्रकात १८ टक्के असलेला नौदलाचा वाटा २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आल्याचे तत्कालीन नौदलप्रमुख करमबीर सिंह यांनी सांगितले होते, आणि २०२७ पर्यंत २०० जहाजांचे उद्दिष्ट १७५ वर आणावे लागले. चिरंजीवांनी तयारी मात्र थांबवू नये. जहाजे थोडी झाली तरी प्रत्येकावर यंत्रे सांभाळणारे कुशल हात लागतातच, तेव्हा गणित आणि भौतिकशास्त्र यांवर भर द्यावा.