लांब पास कोणाचा सरस? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या (तिथला हातात चेंडू घेऊन खेळायचा फुटबॉल) क्वार्टरबॅकांची, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूंची तुलना निघाली की सर्वाधिक प्रश्न येतात ते लांब पासबद्दल. यावेळी फक्त तेच घेतले आहेत.

पुण्याहून एक वाचक विचारतात: मी रविवारी पहाटे पाचला उठून अमेरिकेतला शनिवारी रात्रीचा सामना बघतो. समालोचक "७० यार्डांचा पास" म्हणतात, पण चेंडू हवेत दहा-पंधरा यार्डच गेलेला दिसतो. मग लांब पास नक्की कशाला म्हणायचं?

तुम्ही बरोबर टिपलंत. अधिकृत नोंदीत झेलानंतरची पळापळही पासमध्येच धरतात. रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूने, दहा यार्डांवर झेल घेतला आणि पुढचे साठ यार्ड तो स्वतःच्या पायांवर पळाला, तरी क्वार्टरबॅकच्या नावावर ७० यार्ड लागतात. म्हणून तुलना करताना "एअर यार्ड" बघायचे, म्हणजे डाव जिथून सुरू झाला त्या रेषेपासून चेंडू हवेतून किती पुढे गेला ते. २० यार्ड किंवा त्यापुढे टाकलेल्या पासला सर्वसाधारणपणे लांब पास म्हणतात. क्वार्टरबॅक त्या रेषेच्या सहा-सात यार्ड मागे असतो आणि बहुतेकदा तिरका फेकतो, त्यामुळे प्रत्यक्ष फेक आकड्यापेक्षा बरीच मोठी असते.

ह्यूस्टनहून प्रश्न: जो बरो (एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, २०१९), मॅक जोन्स (अलाबामा, २०२०) आणि जेडन डॅनियल्स (एलएसयू, २०२३) यांच्यात लांब पास कोणाचा सर्वांत चांगला? आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो.

टाकलेल्या प्रत्येक पासमागे किती यार्ड मिळाले हे बघितलं तर डॅनियल्स ११.७, जोन्स ११.२ आणि बरो १०.८. तरीही मी बरोला पहिला नंबर देतो.

आधी हे बघा की पास कोणाकडे जात होते. बरोकडे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन होते. जोन्सकडे डेव्हॉन्टा स्मिथ होता, आणि ऑक्टोबरमध्ये जखमी होईपर्यंत जेलन वॉडलही. डॅनियल्सकडे मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस. या सहाही जणांना एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्याच फेरीत उचललं. त्यामुळे तिघांचेही आकडे फुगलेले आहेत आणि जवळपास सारखेच फुगलेले आहेत. फरक शोधायचा तो रिसीव्हर मोकळा नसताना काय झालं यात.

जोन्सचा पास नेटका आणि वेळेवर असायचा. ७७.४ टक्के पास पूर्ण करणं, म्हणजे ते आपल्याच खेळाडूने झेलणं, ही साधी गोष्ट नाही. पण स्मिथ त्या वर्षी इतका मोकळा सुटायचा की जोन्सच्या हाताची खरी कसोटी फार कमी वेळा लागली. जानेवारी २०२१ च्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध स्मिथने पहिल्या अर्ध्यातच १२ झेल, २१५ यार्ड आणि ३ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केले. त्या मोसमाचा हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कारही क्वार्टरबॅकला मिळाला नाही, स्मिथला मिळाला.

डॅनियल्सचा चेंडू तिघांत सर्वांत देखणा. उंच जातो आणि अलगद खाली येतो. पण त्या मोसमात तो स्वतः चेंडू घेऊन ११३४ यार्ड पळाला होता. तो पळेल या धास्तीने बचावाचे सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू, पुढे सरकायचे आणि त्यांच्या मागची जागा रिकामी व्हायची. ही त्याचीच कमाई आहे, मान्य. पण ती पायांची आहे, आणि आपण इथे हाताबद्दल बोलतोय.

आता बरो. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लीन्सला झालेला क्लेमसनविरुद्धचा अंतिम सामना पुन्हा बघा. क्लेमसन १७-७ असा पुढे होता आणि चेसला रोखायला त्यांचा बचावपटू ए. जे. टेरेल होता. हा टेरेल कच्चा गडी नव्हता, तीनच महिन्यांनी तो ड्राफ्टमध्ये सोळावा निवडला गेला. अनेकदा तो चेसच्या अगदी खांद्याला खांदा लावून पळत होता. बरोने चेंडू चेसच्या बाहेरच्या बाजूला टाकला, जिथे टेरेलचा हात पोचूच शकत नव्हता. चेसचे ९ झेल, २२१ यार्ड. बरोचे ४६३ यार्ड, ५ टचडाऊन. एलएसयू ४२-२५ ने जिंकलं.

हाच बरो २०१८ मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण करत होता आणि त्याचे मोसमभरात १६ टचडाऊन होते. पुढच्या वर्षी ७६.३ टक्के आणि ६०. एका वर्षात हाताचं बळ एवढं वाढत नाही. जो ब्रेडी प्रशिक्षक म्हणून आले, पाच-पाच रिसीव्हर मैदानभर पसरवले गेले, आणि डाव सुरू व्हायच्या आतच एकास-एक लढत कुठे आहे हे बरो ओळखू लागला. लांब पासचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

डेन्व्हरहून: वायोमिंगचा जॉश अ‍ॅलन त्याच्या वर्षीच्या सगळ्यांपेक्षा लांब फेकायचा. तरी कॉलेजात त्याचे जेमतेम ५६ टक्केच पास पूर्ण झाले. असं का?

तुम्ही डेन्व्हरचे, त्यामुळे एक गोष्ट लगेच पटेल. वायोमिंगचं लॅरमीचं मैदान ७२२० फुटांवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे चेंडू जास्त लांब जातो. अर्थात अ‍ॅलनचा हात कुठल्याही उंचीवर दणकटच होता. त्याच्याभोवतीचे खेळाडू बेताचे होते हेही खरं. पण खरं उत्तर वेळेच्या हिशोबात आहे.

समजा रिसीव्हर सरळ रेषेत पळतोय. अडीच सेकंदांत तो साधारण १८ यार्ड पुढे जातो आणि तेव्हा क्वार्टरबॅक चेंडू सोडतो. चेंडू पावणेतीन सेकंद हवेत राहतो. तेवढ्यात रिसीव्हर सेकंदाला नऊ यार्डांच्या वेगाने आणखी २५ यार्ड जातो. भेट होते ४३ यार्डांवर, म्हणजे सात यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकसाठी ही ५० यार्डांची फेक झाली. कॉलेजातले बरेच क्वार्टरबॅक एवढं फेकतात. पण चेंडू सोडायला पाव सेकंद उशीर झाला तर रिसीव्हर दोन यार्ड पुढे निघून गेलेला असतो. दोन यार्ड मागे पडलेला चेंडू म्हणजे बचावपटूला आयता झेल.

त्यात फेकीचा मार्ग आला. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे सपाट, जोरदार फेक बघायला छान वाटते; पण पळत्या माणसाच्या ओंजळीत चेंडू पडायचा तर तो वरून यावा लागतो. सपाट चेंडू एकाच क्षणी, एकाच जागी झेलता येतो. उंच चेंडूखाली रिसीव्हरला पाऊल लहान-मोठं करून जुळवून घेता येतं. दणकट हाताच्या मुलांना सगळंच जोरात फेकायची सवय असते, आणि ती मोडायला वर्षं जातात. अ‍ॅलनने एनएफएलमध्ये ती मोडली, याचं मला फार कौतुक आहे.

उलट टोकाचं उदाहरण डग फ्लूटी. जेमतेम पाच फूट दहा इंच उंचीचा. नोव्हेंबर १९८४ मध्ये बोस्टन कॉलेजकडून मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने टाकलेला चेंडू हवेत साठ यार्डांहून जास्त गेला आणि सामना ४७-४५ असा जिंकला.

सिअ‍ॅटलहून: वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सने टेक्ससविरुद्ध ४३० यार्ड काढले आणि आठवड्याभरात मिशिगनविरुद्ध तो ढेपाळला. खरा पेनिक्स कोणता?

दोन्ही. १ जानेवारी २०२४ ला टेक्ससविरुद्ध ३८ पैकी २९ पास पूर्ण. ८ तारखेला मिशिगनविरुद्ध ५१ पैकी २७, वर दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. वॉशिंग्टनची क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी त्या वर्षी देशात सर्वोत्तम ठरली होती, त्यामुळे मोसमभर पेनिक्सला शांतपणे उभं राहायला मिळालं. मिशिगनने तो निवांतपणा काढून घेतला आणि वरून कुठलाही रिसीव्हर मागे निसटणार नाही याची काळजी घेतली. मधल्या विश्रांतीआधी रोम ओडुन्झे मोकळा सुटला होता, तो पासही चुकला. पाय स्थिर नसले की डावखुरा काय नि उजवा काय, चेंडू भरकटतोच.

एक मात्र लक्षात ठेवा. लांब पास एका सामन्यात चार-सहाच होतात. मोसमभरात साठ धरले, तर ४० टक्के आणि ४७ टक्के यांतला फरक चार पासचा. एखादा वारा, एखादा सुटलेला झेल, आणि क्रमवारी उलटी. एका मोसमाच्या टक्केवारीवरून कोणाला मोठा किंवा छोटा ठरवू नका.

न्यू जर्सीहून: कॉलेजात लांब पासचा राजा असलेला मुलगा एनएफएलमध्ये का अडखळतो?

मैदान तेवढंच, १६० फूट रुंद. पण डाव जिथून सुरू होतो त्या आतल्या खुणांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू एका खुणेवर असला की दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळी जागा उरते. बचावाला ती झाकताना नाकी नऊ येतात. टेनेसीने २०२२ मध्ये याचा पुरेपूर फायदा घेतला. रिसीव्हर थेट कडेच्या रेषेजवळ उभे करायचे आणि मधलं मैदान रिकामं करायचं. अलाबामाविरुद्ध ५२-४९ अशा सामन्यात एकट्या जेलिन हायटने ५ टचडाऊन झेलले ते असे. एनएफएलमध्ये एवढी मोकळीक नाही.

शिवाय कॉलेजात एक पाय रेषेच्या आत असला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. एक नियम मात्र उलट्या बाजूने काम करतो. रिसीव्हरला चेंडू येण्याआधी धरलं तर कॉलेजात दंड जास्तीत जास्त १५ यार्डांचा. एनएफएलमध्ये जिथे धरलं तिथे चेंडू मिळतो. म्हणजे मात खाल्लेला कॉलेजचा बचावपटू ४० यार्डांवर रिसीव्हरला सरळ ओढून धरतो, आणि क्वार्टरबॅकच्या उत्तम पासची आकडेवारीत नोंदच होत नाही.

फ्रिस्को, टेक्ससहून एक वडील: माझा मुलगा शाळेच्या संघात क्वार्टरबॅक आहे. रोज जास्तीत जास्त लांब फेकायचा सराव करतो. योग्य आहे का?

नाही, हे थांबवा. वाढत्या वयात रोज पूर्ण ताकदीने फेकणं खांद्याला आणि कोपराला महागात पडतं, आणि हाती फारसं लागत नाही. कडेच्या रेषेपासून चार-पाच यार्ड आत आणि पस्तीस यार्ड पुढे एक मोठा कचऱ्याचा डबा ठेवा. चेंडू वरून त्यात पडला पाहिजे. आधी उभ्याने, मग तीन पावलं मागे घेऊन, मग पाच. पंधरा-वीस फेकी पुरे, आठवड्यातून दोनदा. डब्यात पडायला लागल्यावर मित्राला पळायला लावा आणि मुलाला सांगा की मित्राकडे बघून फेकू नकोस, तो जिथे पोचणार आहे त्या जागेवर फेक.