लाइट गेल्यावर रेड ५ मधल्या दोन डिस्क बाहेर पडल्या, लग्नांचा डेटा वाचेल का?

बहुतेक वाचेल, पण मित्र सांगतोय तसं पुन्हा ‘क्रिएट’ (डिस्कची जोडणी नव्याने बनवायची कमांड) मारू नका.

तुमच्या लिहिण्यावरून समजलं ते असं: नाशिक रोडला फोटो स्टुडिओ, लिनक्सवर ४ टीबीच्या चार डिस्कचं सॉफ्टवेअर रेड ५ (डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी डेटा टिकेल अशी रचना), पावसात लाइट गेली-आली आणि तेव्हापासून ॲरे (जोडलेल्या डिस्कचा गट) ‘इनॲक्टिव्ह’, म्हणजे बंद. मी सातपूर-अंबडच्या छोट्या कंपन्यांचे सर्व्हर बघतो. पावसाळ्यात असे फोन येतातच.

‘क्रिएट’ प्रत्येक डिस्कवर नवा सुपरब्लॉक (ॲरेची माहितीपट्टी) लिहितं. डिस्कचा क्रम, चंक साइज (डेटाच्या तुकड्याचा आकार) किंवा डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो) यातलं एक जरी जुन्याशी जुळलं नाही, तरी आतला डेटा म्हणजे नुसता काला. वर रेड ५ मध्ये ते लगेच शेवटच्या डिस्कवर रीबिल्ड (बाकीच्यांवरून डेटा पुन्हा भरणं) सुरू करतं, म्हणजे चांगल्या डिस्कवरही लिहून मोकळं.

आधी फक्त वाचा. चारही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर उतरवा, कारण रीबूटनंतर लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव बदलून एसडीबीची एसडीसी होऊ शकते. मग प्रत्येकीवर एमडीएडीएमचं (लिनक्सवर रेड सांभाळणारं टूल) ‘एक्झामिन’ चालवून ‘इव्हेंट्स’ (ॲरेतल्या बदलांची मोजणी) आणि ‘अपडेट टाइम’ या दोन ओळी बघा. सगळी गोम इथेच असते. तीन डिस्कचे इव्हेंट्स १८४५२, १८४५२, १८४४९ असे जवळजवळ आणि चौथीचा ९०११, तारीख मे महिन्यातली, असं दिसलं तर चौथी मेमध्येच गेली होती. एक डिस्क गेली तरी रेड ५ चालत राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. परवा लाइटीने फक्त दुसरी पाडली. ती मेमधली शिळी डिस्क जोडणीत चुकूनही घेऊ नका, नाहीतर तिचा जुना डेटा नव्यात मिसळेल.

मग स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. १९९ नंबरचा आकडा (सीआरसी एरर, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर आधी साटा केबल बदला. मेलेली वाटणारी डिस्क बरेचदा तिथेच जिवंत होते. १९७ (पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग) वाढलेला असेल तर डिस्क खरंच आजारी आहे. तिची डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क कॉपी करायचं टूल) नव्या डिस्कवर कॉपी काढा, मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) देऊनच, म्हणजे मध्ये थांबलं तरी पुढून सुरू होतं. ४ टीबीला धडधाकट डिस्कवरही सात-आठ तास धरा, आजारीवर कितीही. तेवढा वेळ यूपीएस टिकणार नसेल तर इन्व्हर्टरवर घ्या. एम.जी. रोडला डिस्क घेताना मात्र बघा, एका सेक्टरनेही लहान नको.

पुढची पायरी ओव्हरले. मूळ डिस्क ‘ब्लॉकडेव्ह’ने रीड-ओन्ली करायच्या आणि डीएमसेटअपने प्रत्येकीवर एक स्नॅपशॉट ठेवायचा. जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या डिस्कवरच्या स्पार्स फाइलमध्ये (लिहू तेवढीच जागा घेणारी फाइल) जातं, नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवल्यासारखं. चुकलं तर कागद फेका, नकाशा शाबूत. अडकलेला ॲरे ‘स्टॉप’ करून या ओव्हरलेवर ‘असेंबल’ला (आहे तोच ॲरे पुन्हा जोडायची कमांड) ‘फोर्स’ जोडा, त्या तीन ताज्या डिस्क देऊन. फोर्स मागे पडलेल्या डिस्कचा इव्हेंट आकडा पुढे ओढून घेतं. लाइट गेली त्या क्षणाच्या एखाद-दोन फाइल बिघडू शकतात, बाकी येतं. मग ‘एफएससीके’ (फाइलसिस्टमची तपासणी) फक्त ‘-एन’ लावून, म्हणजे काही न बदलता. हजारो चुका दिसल्या तर जोडणी चुकलीय, दुरुस्ती करत बसू नका. ठीक असेल तर माउंट करा, पाच-दहा मोठ्या रॉ फाइल उघडून बघा आणि सगळं दुसरीकडे कॉपी करा.

कॉपी हातात आल्यावरच मूळ ॲरेला हात लावा. साध्या डेस्कटॉप डिस्क असतील तर टाइमआउटही बघा: खराब सेक्टरवर त्या मिनिटभरही अडून बसतात, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३० सेकंदांनी कंटाळून रीसेट मारतो आणि डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. स्मार्टसीटीएलने (डिस्कची स्मार्ट सेटिंग बघायचं टूल) एरर रिकव्हरी, म्हणजे खराब सेक्टरवर अडून बसायचा वेळ, ७ सेकंदांवर आणा; डिस्क ऐकत नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. आणि एमडीएडीएमचा मेल अलर्ट चालू करा.

चारही डिस्कचं ‘एक्झामिन’ इथे टाका, कुठल्या तीन घ्यायच्या ते बघून सांगतो. ते टाकून झालं की, मी सांगेपर्यंत मशीन बंदच ठेवा.