मुलगी हळवी आहे, ट्रॉमा काउन्सेलिंग झेपेल का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे ट्रॉमाचंच, म्हणजे मोठा मानसिक आघात झालेल्यांसोबतच काम करायचं म्हणतेय, आणि तुम्हाला घोर लागलाय की जी बातम्या बघतानाही रडते ती रोज अत्याचाराचं ऐकून कशी टिकणार.

काळजी रास्त आहे. ऐकून ऐकून काउन्सेलरची जगाकडे बघायची नजरच बदलते, त्याला विकेरियस ट्रॉमा म्हणतात, 1990 मध्ये मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी हे मांडलं. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात तर कामामुळे असे तपशील वारंवार कानावर पडणं हेही पीटीएसडीचं (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं) कारण ठरू शकतं असं धरलंय.

मी स्वतः आधी अत्याचार झालेल्या मुलांसोबत काम करायचे. मला रडू वगैरे फारसं यायचं नाही. पण एकदा शेजारच्या काकांनी माझ्या लेकाला कडेवर घेतलं आणि मी त्याला अक्षरशः हिसकावून घेतलं, काकांचा तो चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. दिवसाला सात-आठ केसेस, सगळ्या तसल्याच, आणि त्याबद्दल बोलायला सिनियर कोणी नाही. त्या जागी खंबीर माणूसही मोडला असता असं मला आज ठामपणे वाटतं.

त्यामुळे तिच्या रडण्याला घाबरू नका. उलट समोरचा बोलतोय आणि आत काहीच हलत नाही, घरी आल्यावर कोणी हात लावलेलाही नको वाटतो, हे व्हायला लागलं की सावध व्हायचं. प्रोक्वॉल नावाची 30 प्रश्नांची चाचणी आहे, कामाचा आपल्यावर काय परिणाम होतोय हे मागच्या 30 दिवसांबद्दल विचारते, ती तिने मधूनमधून स्वतःच भरावी. शिकताना एक गोष्ट मुद्दाम घोटून घ्यायची, समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार करायचा पण ‘हे माझ्यासोबत झालं असतं तर’ यात शिरायचं नाही, हळव्या मुलांना हे जड जातं पण सरावाने जमतं. दोन सेशनच्या मध्ये दहा मिनिटं, तोंडावर पाणी, पाय जमिनीवर टेकवून शांत बसणं, मगच पुढचा माणूस. गरज पडली तर स्वतःची थेरपी, त्यात कमीपणा नाही.

आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूत पगाराच्या आधी विचारायला सांगा, सुपरव्हिजन (केसेसबद्दल सिनियरचं मार्गदर्शन) कोण देतं, किती वेळा, आणि दिवसाला अशा केसेस किती. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा घेऊ नये.

तुमच्यासाठी एकच, ती गप्प घरी आली तर काय झालं म्हणून खोदू नका, गोपनीयतेमुळे तिला सांगता येणार नाही. ‘सुपरव्हायझरशी बोललीस का?’ एवढंच विचारा.