‘तुमचा संबंध काय?’ हे न्यायालय आधी विचारतं

शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. ही माणसं ३१ मेला निवृत्त होतात, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या खुर्च्या ऐन सुट्टीत रिकाम्या होतात. संस्थेची सभा सुट्टीतच भरते, आदेश निघतो, आणि शाळा उघडल्यावर बाकीच्यांना कळतं. मग माझ्याकडे कायद्याचा सल्ला मागणारी पत्रं येऊ लागतात. हकिगती वेगवेगळ्या असल्या तरी गोंधळ एकच असतो. नेमणूक बेकायदा आहे का, हा एक प्रश्न. तिच्याविरुद्ध तुम्हाला दाद मागता येते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं म्हणून दुसऱ्याचंही ‘हो’ होत नाही. म्हणून या वेळी त्याच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत.

मॅडम, आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत सेवाज्येष्ठता यादीत मी पहिला आहे. संस्थेने तिसऱ्या क्रमांकाच्या शिक्षकाला मुख्याध्यापक केलं. मला आव्हान देता येईल का? (सोलापूर जिल्हा)

येईल. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा तुमचा कायदा. त्याच्या कलम ९ नुसार, बढतीने पद भरताना व्यवस्थापनाने ज्याला डावललं, त्या कर्मचाऱ्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. बडतर्फी, सेवासमाप्ती आणि पदावनती यांच्या जोडीला डावललं जाणंही कायद्याने मुद्दाम घातलं आहे. १९८१ च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो की मुख्याध्यापकपद पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यायचं.

पण ‘पहिला’ म्हणजे कोणत्या यादीत? हजेरीपटावरचा क्रम म्हणजे ज्येष्ठता नव्हे. ती त्याच नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मधल्या प्रवर्गांवरून ठरते. आधी डी.एड.वर लागलेले आणि नोकरीत असताना बी.एड. झालेले शिक्षक असले की वाद हमखास इथेच होतो. संस्थेच्या एकाहून अधिक शाळा असतील तर त्या सगळ्या शाळांतले शिक्षक धरावे लागतात. माध्यमिक मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची हवीत. ‘सेवा समाधानकारक नव्हती’ असा बचाव संस्था नंतर काढते, तेव्हा प्रतिकूल शेरे तुम्हाला लेखी कळवले होते का, हे बघावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर मुख्याध्यापकाच्या नेमणुकीला हा कायदा लागू नाही, मग ज्येष्ठतेचा हा आधारच उरत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानंतर, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बढतीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. तुमच्या पदाला तो निकाल लागतो का, हे तुमचा नेमणूक आदेश पाहून वकीलच सांगू शकतील. यादीची प्रत, सेवापुस्तकाची प्रत आणि नेमणूक आदेश घेऊन याच आठवड्यात भेटा.

मी कायम शिक्षिका आहे. आमच्या शाळेत जाहिरात न देता एका नातेवाइकाला सहशिक्षक म्हणून घेतलं. मी अपील करू शकते का? (सातारा)

नाही. त्या नेमणुकीने तुमची बढती, ज्येष्ठता किंवा नोकरी यांपैकी काहीच गेलेलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. मात्र उद्या त्याच व्यक्तीमुळे तुम्हाला अतिरिक्त ठरवलं, तर तुमचं स्थान बदलतं. त्या दिवशी वकिलांकडे जा.

मी बाहेरचा उमेदवार होतो. मुलाखत दिली, माझे गुण जास्त असून दुसऱ्याला घेतलं. स्टाफरूममध्ये सांगतात की शाळा न्यायाधिकरणात केस टाका. (जळगाव)

स्टाफरूममध्ये चुकीचं सांगतात. न्यायाधिकरण शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि तुम्ही कर्मचारी झालाच नाहीत. तुमचा मार्ग उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेचा. निवड प्रक्रियेत भाग घेतलेला पात्र उमेदवार म्हणून तुम्ही परके नाही. तरीही तीन अडथळे असतात.

पहिला असा की प्रक्रियेतला दोष आधी माहीत असूनही मुलाखत दिली आणि निकाल विरुद्ध गेल्यावर तोच दोष पुढे केला, तर न्यायालय ऐकत नाही. मदनलाल विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य (१९९५) या निकालापासून हे पक्कं झालेलं आहे. दुसरा अडथळा निवडलेल्या व्यक्तीला पक्षकार न करण्याचा. उत्तर प्रदेशातल्या शिक्षकांच्याच प्रकरणात, प्रबोध वर्मा निकालात (१९८४), सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्या नोकरीवर गदा येणार आहे त्यांना समोर आणल्याशिवाय उच्च न्यायालयाने याचिका ऐकायलाच नको होती. तरीही ‘तो बिचारा शिक्षक आहे, माझं भांडण संस्थेशी आहे’ असं म्हणत त्याला वगळणारे आजही भेटतात. तिसरा अडथळा गुणांचा. म्हैसूर विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी १९६३ सालीच लिहून ठेवलं की तज्ज्ञ समितीने केलेल्या निवडीत न्यायालयांनी सहसा पडू नये. म्हणून ‘मी जास्त हुशार’ हा मुद्दा चालत नाही. ‘निवडलेल्याकडे किमान अर्हता नाही’, ‘निकष मध्येच बदलले’ हे मुद्दे चालतात. भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसताना, पात्रतेचे निकष बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात सांगितलं आहे.

जिंकलात तरी खुर्ची थेट मिळेलच असं नाही. निवड यादीत नाव आलं तरी नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही. पुष्कळदा न्यायालय फक्त प्रक्रिया नव्याने करायला सांगतं. याचिकेआधी माहिती अधिकारात गुणतक्ता आणि समितीचं इतिवृत्त मागा, पण उत्तराची वाट बघत वकिलांची भेट लांबवू नका.

मी अर्जच केला नव्हता. (नांदेड)

मग तुम्हाला दाद मागता येणं फार कठीण आहे. जाहिरातच न आल्यामुळे किंवा एखाद्या बेकायदा अटीने बाहेर ठेवल्यामुळे अर्ज करता आला नसेल, तर ते वेगळं. त्या पदासाठी तुम्ही पात्र होता हे मात्र दाखवावं लागेल.

मला डावलून चौदा महिने झाले. मी संस्थेला चार, शिक्षणाधिकाऱ्यांना तीन आणि उपसंचालकांना दोन निवेदनं दिली. आमच्या ओळखीचे म्हणतात, उत्तर येईपर्यंत मुदत सुरू होत नाही. आता अपील करू का? (बीड)

हे पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तुमची बाजू खरी दिसते. ही नऊ निवेदनं लिहिताना जे चौदा महिने गेले, त्यांनी ती कमजोर केली आहे.

अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. ज्याला काढलं त्याच्या हातात आदेश पडतो, तिथून मोजणी सोपी असते. डावललेल्याला असा आदेश मिळत नाही, दुसऱ्याचा आदेश त्याला ऐकून कळतो. याच फटीतून ‘मुदत सुरूच झाली नाही’ हे सांगणं जन्माला येतं. त्यावर विसंबू नका. फार तर ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून तीस मोजा. १ जूनला नवे मुख्याध्यापक रुजू झाले आणि तुम्हाला १५ जूनला शाळेत आल्यावर कळलं, तरी धोका नको म्हणून माझा सल्ला १ जूनपासून मोजण्याचा आहे. म्हणजे जून संपण्याआधी अपील दाखल व्हायला हवं.

निवेदन देऊ नका असं मी म्हणत नाही. एक द्या, पोच घ्या, आणि त्याच वेळी अपिलाची तयारी करा. पण निवेदनाने घड्याळ थांबत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात ज्याची तरतूद नाही अशी निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. सी. जेकब प्रकरणात (२००८) एका माणसाने १९८२ साली गेलेल्या नोकरीबद्दल २००० साली निवेदन दिलं होतं. अशा निवेदनाचा कार्यालयाने विचार केला म्हणून मेलेला दावा पुन्हा जिवंत होत नाही, असं न्यायालयाने बजावलं. बढतीच्या बाबतीत न्यायालयं जास्तच कडक असतात, कारण मधल्या काळात त्या पदावरचा माणूस स्थिरावलेला असतो.

एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेचं प्रकरण मी चालवलं होतं. त्या नवव्या महिन्यात आल्या. संस्थेचे अध्यक्ष दर सभेला म्हणायचे, ‘बाई, पुढच्या सभेत तुमचा विषय घेतो.’ शिक्षण कार्यालयातला लिपिक म्हणायचा, ‘फाईल साहेबांच्या टेबलवर आहे.’ दोघांवर विश्वास ठेवून त्या गप्प बसल्या. विलंब माफीचा अर्ज मंजूर व्हायलाच वर्ष लोटलं, आणि मूळ अपील सुनावणीला आलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. एकोणतीस वर्षं शिकवलेल्या बाईंना मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर एक दिवसही बसता आलं नाही. असं पत्र आलं की मला त्या बाई आठवतात. संस्थेचं तोंडी आश्वासन म्हणजे बहुतेक वेळा तुमचे तीस दिवस संपवण्याचा मार्ग असतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की सौम्य शब्दांत सांगणं मला जमत नाही.

तुमच्यासाठी दार पूर्ण बंद नाही. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशिराचं अपीलही घेऊ शकतं. आजारपण, आदेश लपवून ठेवणं, लेखी आश्वासन यांपैकी जे असेल त्याचा तारीखवार कागद तयार करा. ‘निवेदनं देत होतो’ एवढंच कारण पुरेल असं धरू नका. दहावं निवेदन लिहू नका. उद्या वकिलांकडे जा.

शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या नेमणुकीला मान्यता दिली आहे. मग सगळं संपलं ना? (कोल्हापूर)

संपलं नाही. मान्यता हा मुख्यतः वेतन अनुदानाशी जोडलेला प्रशासकीय निर्णय आहे. सेंट उलई हायस्कूल प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटलं की अशी मान्यता ही वैध नेमणुकीची पूर्वअट नाही. मान्यता नाही म्हणून नेमणूक आपोआप बेकायदा ठरत नसेल, तर मान्यता आहे म्हणून ती निर्दोष ठरते असंही नाही. ज्येष्ठतेचा वाद मात्र १९८१ च्या नियमावलीतल्या नियम १२ प्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांकडेच जातो. तो तुम्ही वेळेत नेला होता का? यादीवर ‘मान्य’ म्हणून सही केली आहे का? हे पाहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. गावच्या शाळेतली नेमणूक उघड बेकायदा आहे. जनहित याचिका करू का? (सांगली जिल्हा)

सर, तुमची तळमळ खरी आहे, पण नोकरीच्या वादात जनहित याचिका चालत नाही. दुर्योधन साहू निकालाने (१९९८) ते स्पष्ट केलं आहे. औरंगाबादच्या अयुबखान पठाण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पुन्हा सांगितलं की ज्याचा स्वतःचा हक्क दुखावलेला नाही, त्या त्रयस्थाला दुसऱ्याच्या नोकरीविरुद्ध उभं राहता येत नाही.

अपवाद अधिकारपृच्छेच्या (को-वॉरंटो) याचिकेचा. ‘हे पद तू कोणत्या अधिकाराने धारण केलंस?’ असं कोणताही नागरिक विचारू शकतो. पण पद सार्वजनिक असावं लागतं आणि नेमणूक कायद्याच्या तरतुदीविरुद्ध असावी लागते. कुलगुरूंच्या नेमणुका याच मार्गाने रद्द झाल्या आहेत. गावच्या खाजगी शाळेतल्या शिक्षकाचं पद या व्याख्येत बसवणं अवघड आहे. डावललेला शिक्षक कोण आहे ते शोधा आणि त्याला तीस दिवसांत वकिलांकडे न्या. त्याने तुमच्या गावच्या शाळेचं जास्त भलं होईल.

संस्थेला नोकरीसाठी पैसे दिले होते. नोकरी दुसऱ्याला दिली. एक एजंट म्हणतो, पंचवीस हजारांत स्टे आणून देतो. (परभणी)

पैसे दिल्याने पदावर हक्क तयार होत नाही, आणि त्या आधारावर कोणतीही याचिका टिकणार नाही. अनुदानित संस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरू शकतात. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर बचाव मिळतो. म्हणून ही हकिगत आणखी कुठेही लिहू नका, कुणाला मेसेज करू नका. आधी फौजदारी वकिलांशी समोरासमोर बोला.

आणि त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. स्थगिती न्यायाधीश देतात, दोन्ही बाजू पाहून देतात, आणि कुणालाही तिची हमी देता येत नाही. छापील मसुद्यात नाव भरून ‘अपील पॅकेज’ विकणाऱ्यांनी बिघडवलेली प्रकरणं मी दरवर्षी बघते. चुकीच्या मंचावर अर्ज, पक्षकार गायब, तारखा चुकलेल्या. ते दुरुस्त करायला मूळ खर्चाच्या दुप्पट लागतात.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. केंद्रप्रमुखाच्या बढतीत डावललं. शाळा न्यायाधिकरण की मॅट? (धुळे)

दोन्ही नाही. १९७७ चा कायदा खाजगी शाळांचा आहे, आणि मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमच्यासाठी जिल्हा परिषद सेवा नियमांतला मार्ग आणि त्यानंतर उच्च न्यायालय. बढतीच्या आदेशाची आणि यादीची प्रत घेऊन सेवाविषयक काम करणाऱ्या वकिलांना दाखवा.

संस्थेने ‘मला मुख्याध्यापकपद नको’ असं छापील पत्र सहीसाठी पाठवलं आहे. परवापर्यंत मागितलंय. (अहिल्यानगर)

सही करू नका. पत्राचा फोटो काढून ठेवा, ते कुणी, कधी आणून दिलं ते वहीत लिहा, आणि परवाच्या आधी वकिलांना भेटा.