मागाच्या तालावर उदयशंकर

प्रश्न : आमच्या मंडळाला नर्तक उदयशंकर यांच्यावर कार्यक्रम करायचा आहे. त्यांची नृत्ये जशीच्या तशी बसवावीत का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तसा आग्रह धरू नये, कारण लंडनला चित्रकला शिकायला गेलेल्या आणि १९२३ मध्ये रशियन बॅले नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांच्याबरोबर नाचलेल्या या कलावंताने स्वतःच कोणत्याही एका नृत्यशैलीची चौकट मानली नाही. कामगार आणि यंत्र यांवरही त्यांनी नृत्यनाट्य रचले. तुमच्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत तर यंत्रमाग खडखडत असतात, तेव्हा आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची ये-जा आणि तुटलेला धागा जोडणारी बोटे नीट पाहून त्यांतूनच हालचाली बसवाव्यात. उत्तराखंडातील अल्मोड्यात त्यांनी सावल्यांतून रामलीला उभी केली होती. पडदा म्हणून पांढरे धोतर (एकेरीच, दुहेरीवर सावली अंधूक पडते) आणि एक दिवा एवढ्यावर तसा प्रवेश जमतो. १९४८ चा त्यांचा ‘कल्पना’ हा चित्रपट मात्र आधी सर्वांनी एकत्र बसून पाहावा.