पोल्डर, खार आणि खाजण : डच पाण्यासाठी मराठी शब्द

एका वाचकांनी विचारले आहे की, नेदरलँड्सच्या नदीमुखाकडील सखल प्रदेशात, म्हणजे किंडरडाइकच्या पवनचक्क्या, निउकोप आणि रेवाइक येथील तळी आणि बीस्बॉसचे पाणवन या परिसरात, सायकलवरून केलेल्या भटकंतीचे वर्णन मराठीत लिहिताना 'पोल्डर' हा शब्द तसाच ठेवावा की त्याला मराठी प्रतिशब्द आहे. त्यांच्या पहिल्या खर्ड्यात 'मेर', 'प्लास', 'वील' आणि 'बूझम' या चारही डच शब्दांसाठी 'तलाव' आला आहे, 'डाइक'साठी 'धरण', 'खमाल'साठी 'पंपिंग स्टेशन' आणि सगळ्या ओल्या मुलखासाठी 'दलदल'. नमुना म्हणून त्यांनी एक वाक्य दिले आहे : "दिवसभर आम्ही धरणावरून सायकल चालवत तलाव पाहत होतो."

सुरुवात 'धरण' या शब्दापासून करतो, कारण तो सर्वांत आधी बदलायला हवा. मराठीत धरण पाणी अडवून साठवते आणि ते प्रवाहाला आडवे असते. डाइक पाण्याच्या कडेकडेने जातो आणि पाण्याला जमिनीवर येऊ देत नाही. पाणी हवे म्हणून घातलेला अडथळा आणि पाणी नको म्हणून घातलेला अडथळा, हा भेद मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात पक्का आहे : ओढ्याला आडवा घालतात तो बंधारा, शेताच्या कडेने जातो तो बांध. डच भाषाही हाच भेद पाळते. ॲम्स्टेल नदीवरच्या धरणामुळे ॲम्स्टरडॅम आणि रोटे नदीवरच्या धरणामुळे रॉटरडॅम ही नावे पडली. त्या दोन्ही ठिकाणी 'डॅम' आहे, 'डाइक' नाही. अपवाद १९३२ साली पुरा झालेल्या ३२ किलोमीटर लांबीच्या आफस्लाउटडाइकचा. त्याच्या दोन्ही अंगांना पाणी आहे, त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर ते धरणच आहे, पण नाव मात्र डाइकचे. एरवी डाइक म्हणजे बांध, असे निःशंकपणे लिहावे.

बांधांच्या बाबतीत डच लोकांनी आणखी एक सुंदर नामकरण केले आहे. पाण्याला लागून असलेला पहिला बांध 'वाकर', म्हणजे जागा राहणारा. त्याच्या मागचा दुसरा 'स्लापर', म्हणजे झोपलेला. आणि त्याच्याही मागचा तिसरा 'ड्रोमर', म्हणजे स्वप्न पाहणारा. पहिला फुटला की दुसऱ्याला जाग येते. भाषांतर करताना 'पहिली, दुसरी आणि तिसरी संरक्षक फळी' असे लिहून हा शब्दगुच्छ वाया घालवू नये. गावगाड्यात रात्रीचा पहारा करणारा 'जागल्या' आपल्याकडे होताच. जागल्या बांध, निजलेला बांध आणि स्वप्नातला बांध असे लिहिले तर मराठी वाचकाला वेगळी टीप द्यावी लागणार नाही.

आता मुख्य शब्दाकडे वळतो. बांधाने वेढलेली आणि जिच्यातल्या पाण्याची पातळी माणूस ठरवतो अशी सखल जमीन म्हणजे पोल्डर. कोकणात अशी जमीन शेकडो वर्षांपासून आहे आणि तिचे शब्दही आहेत, मात्र ते जागेनुसार अर्थ बदलतात. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिथे भरतीचे पाणी मोकळेपणाने येते-जाते आणि कांदळवन वाढते, ते खाजण. तिथेच बांध घालून भाताखाली आणलेली जमीन म्हणजे खार. जुन्या महसुली भाषेत अशा जमिनीला शिलोत्री म्हणत. गोव्यात मात्र बांध घातलेल्या, भात पिकवणाऱ्या जमिनीलाच खाजन म्हणतात. त्यामुळे एकाच लेखात 'खाजण' दोन्ही अर्थांनी वापरले, तर रायगडचा वाचक एक समजेल आणि गोव्याचा दुसरे. रायगडचा वापर धरला, तर बांधाबाहेरच्या भरतीच्या गवताळ जमिनीसाठी, जिला नेदरलँड्सच्या उत्तरेकडे 'क्वेल्डर' आणि नैऋत्येच्या झीलंड प्रांतात 'स्खोर' म्हणतात, 'खाजण' हा अगदी नेमका शब्द आहे.

माझे आजोळ खारेपाटात आहे, म्हणून तिथली उघाडी मी लहानपणापासून पाहिलेली आहे. बांधाच्या पोटातून पलीकडे जाणारी ती एक मोरी असते आणि खाडीच्या बाजूला तिला वरून टांगलेली लाकडी झडप असते. ओहोटी लागली की शेतातले पाणी झडपेला आतून रेटते, झडप उचलली जाते आणि पाणी खाडीत उतरते. भरती चढू लागली की खाडीचे पाणी तीच झडप बाहेरून दाबून धरते. माणसाने हात न लावता दिवसातून दोन वेळा उघडणारे आणि दोन वेळा मिटणारे हे दार पाहत बसणे हा आमचा सुट्टीतला उद्योग होता. झडप मिटताना आधी पाणी तिच्या कडेने आत शिरू पाहते, मग लाकूड चौकटीवर आपटल्याचा एक बोदा आवाज येतो आणि त्यानंतर आतल्या बाजूचे पाणी एकदम निवांत होते. गोव्यात याच व्यवस्थेला मानस म्हणतात. नेदरलँड्समधले नदीकाठचे सर्वांत जुने पोल्डर नेमके याच तत्त्वावर चालत. 'स्लाउस' या डच शब्दाला 'जलद्वार' हा पुस्तकी शब्द चालेल, पण ओहोटीला पाणी बाहेर सोडणाऱ्या स्लाउसला 'उघाडी' म्हणण्यात जो नेमकेपणा आहे तो त्यात नाही. बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा स्लाउस वेगळा. तिथे 'लॉक' किंवा 'नौकाद्वार' लिहावे.

मग पोल्डरला सरळ 'खार' म्हणावे का? दोन कारणांनी थांबावे लागते. पहिले कारण शब्दातच आहे. खार म्हटले की मीठ आलेच. झीलंडमध्ये समुद्राच्या गाळावर बांध घालून मिळवलेल्या जमिनींना ते शोभेल, पण किंडरडाइक ज्या आल्ब्लासरवार्ड भागात आहे तो गोड्या पाण्याचा, नदीकाठचा, पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या, जमिनीचा मुलूख आहे. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. खारीतले पाणी ओहोटीच्या वेळी स्वतःहून उतरते, कारण जमीन ओहोटीच्या पातळीच्या वर असते. डच पीट जमिनीतले पाणी काढले की पीट आक्रसते, हवा लागून कुजते आणि जमीन खचते. जमीन खचली की पाणी आणखी खोलवरून काढावे लागते आणि ते काढले की ती पुन्हा खचते. अशा रीतीने शतकानुशतके खाली जात राहिलेल्या जमिनीतले पाणी एका टप्प्यावर उघाडीतून आपसूक बाहेर जाईना, तेव्हा ते उचलणे भाग पडले. किंडरडाइकला आज उभ्या असलेल्या १९ पवनचक्क्यांपैकी बहुतेक १७३८ ते १७४० या काळात बांधलेल्या आहेत, त्या याच गरजेतून. म्हणून माझे मत असे की 'पोल्डर' हा शब्द ठेवावा. तो शालेय भूगोलामुळे मराठीत रुळलेला आहे, पुल्लिंगी म्हणून सहज चालतो, आणि 'पोल्डरात', 'पोल्डरांचे' ही रूपे कानाला खटकत नाहीत. पहिल्यांदा येईल तेव्हा 'आपल्या खारीसारखी, पण पाणी उपसावे लागणारी जमीन' एवढे जोडले की पुरे.

'उपसणे' हे क्रियापद इथे फार कामाचे आहे. डच भाषेत पोल्डरातून पाणी काढण्याला 'मालन' म्हणतात, म्हणजे शब्दशः दळणे. 'मोलन' म्हणजे जाते किंवा चक्की आणि 'खमाल' म्हणजे पाणी काढण्याचे केंद्र. धान्य दळणाऱ्या चक्कीचे नाव पाणी उचलणाऱ्या चक्कीला लागले आणि वाफ आली, वीज आली, तरी ते टिकले. मराठीत 'पवनचक्की'चेही असेच झाले. साताऱ्याच्या पठारावर ती वीज तयार करते, तरी चक्कीच राहिली. खमालसाठी मात्र आपल्याकडे अधिक सरळ शब्द तयार आहे. उपसा जलसिंचन योजना महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहेत. तिथे नदीचे पाणी उपसून शेतात नेतात, इथे शेतातले पाणी उपसून नदीत टाकतात. म्हणून 'उपसा केंद्र' लिहावे. किंडरडाइकच्या चक्क्यांमध्ये पाणी उचलते ते फळ्या बसवलेले मोठे चाक आहे. त्याला 'रहाट' म्हणण्याचा मोह होतो, पण रहाटाची गाडगी पाणी भरून वर आणतात आणि या चाकाच्या फळ्या पाणी चरातून वर ढकलतात. 'फळ्यांचे चाक' एवढेच म्हणावे.

चक्कीने उचललेले पाणी लगेच नदीत जाऊ शकत नाही, कारण नदीची पातळी त्या वेळी चढलेली असू शकते. ते आधी एका मधल्या, उंचावरच्या जलाशयात किंवा कालव्यात थांबते आणि नदी उतरली की दारातून सोडले जाते. या मधल्या पाण्याला 'बूझम' म्हणतात. शब्दशः अर्थ ऊर. गोव्याच्या खाजनात मानशीजवळ पाणी गोळा होते त्या जागेला पोंय म्हणतात आणि कामाच्या दृष्टीने हाच सर्वांत जवळचा शब्द आहे. फरक एवढाच की पोंय शेतापेक्षा खोल असते, तर बूझम शेतापेक्षा उंच असतो. सर्वसाधारण वाचकासाठी 'साठवण कालवा' लिहावे, 'तलाव' नको.

राहिले मेर, प्लास आणि वील. या तिघांतला भेद आकाराचा नाही, ते पाणी तिथे कसे आले याचा आहे. मेर म्हणजे साधारणपणे नैसर्गिक मोठे तळे, आणि त्याला 'तळे' किंवा 'सरोवर' चालेल. अशी कित्येक मेर डच लोकांनी उपसून टाकली. बेमस्टर १६१२ साली कोरडे झाले. त्या कामात असलेल्या यान आद्रियान्सझोन या चक्की-कारागिराचे आडनाव लेखवाटर, म्हणजे 'रिकामे पाणी'. त्याहून कितीतरी मोठे हार्लेमरमेर वादळात काठाची जमीन गिळत वाढत होते, म्हणून अशा पाण्याला लोक 'वाटरवोल्फ', पाणलांडगा, म्हणत. ते १८४९ ते १८५२ या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन उपसा केंद्रांनी रिकामे केले. त्यांपैकी एकाला लेखवाटरचेच नाव दिले होते. दुसरे, क्रुकिअस, आज संग्रहालय आहे आणि त्याच्या मुख्य सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर आहे. स्खिपोल विमानतळ याच तळ्याच्या तळावर उभा आहे. या जमिनींना डच भाषेत पोल्डरांतलाच एक वेगळा प्रकार मानून 'ड्रोखमाकराय' म्हणतात. मराठीत 'उपसलेले तळे' म्हणावे. 'आटलेले' म्हणू नये, कारण आटणे आपोआप होते.

प्लास मात्र माणसाने नकळत केलेले तळे आहे. निउकोप, रेवाइक आणि व्हिंकेव्हेन इथे लोकांनी जळणासाठी पीट खणून काढले. लांबच लांब चर खणायचे आणि मध्ये सोडलेल्या अरुंद पट्टीवर ओले पीट पसरून वाळवायचे, अशी पद्धत होती. चराला 'पेटखाट' आणि पट्टीला 'लेखअकर' म्हणतात. नकाशावर हा भाग पाहिला की मला उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्याचीच आठवण होते, फक्त सऱ्या पाण्याने भरलेल्या आणि वरंबे झाडाझुडपांनी. भाषांतरातही सरी आणि वरंबा हेच शब्द वापरावेत. पुढे वाऱ्याच्या लाटांनी वरंबे झिजले, सऱ्या एकमेकींत मिसळल्या आणि विस्तीर्ण तळी झाली. 'शेततळे' जसे रूढ झाले, तसे यांना 'खणतळे' म्हणावे असे मी सुचवतो.

वील म्हणजे बांध फुटल्यावर आत घुसलेल्या पाण्याने तिथेच खोदलेला खोल डोह. तो बुजवणे अशक्य म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून नेलेला असतो, आणि सायकलवरून जाताना सरळ बांध एकाएकी का वाकला याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या या गोल पाण्यात असते. खारेपाटात बांध फुटला की 'खांड गेली' असे म्हणतात. 'खांडीचा डोह' म्हटले की वीलची सगळी कथा त्यात येते.

'दलदल' या शब्दात रुतण्याची भीती आहे, म्हणून अशा सगळ्या प्रदेशासाठी 'पाणथळ' बरा. नांदूर मधमेश्वरसारख्या जागांसाठी तोच रूढ आहे. बीस्बॉससाठी तर नावाचाच उपयोग करावा : 'बीस' म्हणजे लव्हाळी आणि 'बॉस' म्हणजे वन. १४२१ च्या नोव्हेंबरातल्या सेंट एलिझाबेथच्या पुरात पोल्डर बुडाले आणि पुढे तिथे हे लव्हाळ्यांचे आणि वाळुंजांचे वन वाढले.

एवढे लक्षात घेऊन नमुन्याचे वाक्य मी असे लिहीन : "दिवसभर आम्ही बांधावरून सायकल चालवत होतो, एका हाताला नदी होती, दुसऱ्या हाताला तिच्याहून खाली पसरलेला पोल्डर, आणि जिथे बांध वाकला तिथे जुन्या खांडीचा डोह."